गाडी शिकण्याचा उन्हाळा

वन्सं,

यंदाचा उन्हाळा अगदी आळसात चाललाय. सकाळी कुंड्यांना पाणी, दुपारी पत्ते नाहीतर झोप, संध्याकाळी गच्चीवर चहा. पण तुमच्या भावाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. लग्नापासून ज्यांनी मला गाडीच्या किल्लीला हात लावू दिला नाही, ते आता रोज मला गाडी शिकवतायत. परवा मी ती कुंपणाला घासली, तरी आवाज चढवला नाही. फ्यूज कसा बदलायचा, टाकीचा नळ कुठे बंद होतो, तेही दाखवून झालं. "एवढी कसली घाई?" म्हटलं, तर म्हणे, "रिकामपणचा छंद."

काल वळणं सांगत सांगत त्यांनी मला मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी आणलं.

"इथे कशाला?"

"गाडी वळवायला जागा आहे. रस्ता लक्षात ठेव."

तेवढ्यात पहारेकरी खिडकीशी आला आणि ओळखीचं हसला. "काका, आज एकटे नाही वाटतं?"

मी गाडी वळवली. पहिल्यांदाच कुठेही न घासता. "छान वळवलीस," म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचलंत की तुम्ही त्यांना फोन कराल, आणि तुमच्याशी त्यांना खोटं बोलता येत नाही.

तुमची,
वहिनी