डावरा टाका

ता. ६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

संपाला दुसरा महिना लागला. कारखान्याला कुलूप, तरी दुकानांत नवे बूट येतायत. म्हणजे आपल्यातलंच कुणीतरी मालकाकडून कातडं आणून घरी शिवून देतंय. असं काम घेणाऱ्याशी युनियनमधल्या कुणी बोलायचं नाही, हा ठराव पहिल्याच दिवशी मी मांडला होता. आता लोक माझ्या तोंडाकडे बघतायत.

सोबत एक बूट पाठवतोय. शिवणखात्यातल्या निम्म्या बायका तुझ्या हाताखाली तयार झाल्या. टोकावरच्या चुण्यांचे टाके मशीनचे नाहीत, हातचे आहेत; ते बघ आणि कुणाचा हात ते कळव. तुझा शब्द कमिटी मानेल.

घरी ठीक. मदतीचं धान्य मी सगळ्यांना वाटतो, आपल्या घरात मात्र दाणा येऊ दिलेला नाही. पुढाऱ्यानं आधी स्वतःचं भरलं असं कुणी म्हणायला नको. तुझी भावजय कशी भागवते तीच जाणे, पण पोरं दोन्ही वेळा जेवतात. मीही जेवतो आणि मीटिंगला पळतो.

गुडघ्यांना जप. मी कसाही वागलो तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. ११

चि. पुढारीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

बूट पोचला. एकच कशाला पाठवलास? जोडी असती तर जावयाच्या तरी पायात गेली असती.

खिडकीशी बसून पाहिला. टाके उलट्या बाजूला कललेत, म्हणजे शिवणारी डावरी, एवढं दिसलं. त्यापुढे माझे डोळे चालत नाहीत. वय झालं. माझ्या भरवशावर कुणाला दोषी धरू नका.

एक विचारते, रागावू नकोस. घरातल्या डब्यांची झाकणं उघडून कधी पाहिलीस का? गावाला धान्य वाटणाऱ्यानं तेवढं बघायला हरकत नाही.

पोरांना माझा पापा. तुझ्या आठवणीत मला जागा असू दे.

ताई

ता. १७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र कमिटीत वाचलं. शिवणखात्यात डावऱ्या दोघीच, गल्लीच्या टोकाची मावशी आणि तुझी भावजय. दुसरं नाव कुणी ओठांवर आणलंच नाही. पुढाऱ्याचं घर ना!

आईच्या आजारपणात आपल्या दोघांना जेवू घालायची तीच ही मावशी. सभेत उभी राहून म्हणाली, की संप लागल्यापासून तिनं आरी हातात धरलेली नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळत बसलो. तिला ठराव लावायला हात वर झाले, त्यांत माझाही होता.

काल ती नळावर आली तेव्हा बायका बादल्या टाकून बाजूला झाल्या. तुझ्या भावजयीनं तेव्हापासून अन्नाला हात लावलेला नाही. मी कारण विचारलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा धाकटा

ता. २१

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

माझे डोळे ठणठणीत आहेत. मी खोटं लिहिलं. मावशी शिवण संपली की गाठ मारते. त्यापायी माझी कितीदा बोलणी खाल्लीत तिनं. या बुटाला गाठ नाही. शेवटचा टाका दुहेरी घेऊन दोरा अस्तराखाली दडवलाय. हे मी एकीलाच शिकवलं, ती लग्न होऊन आपल्या घरी आली तेव्हा. पोरं दोन्ही वेळा जेवत होती ना, ती याच्यावर. तूसुद्धा.

वाटलं, दिसत नाही म्हटलं की विषय मिटेल. पण नको तितकं लिहून बसले आणि सगळं मावशीच्या गळ्यात पडलं. बूट परत पाठवतेय. सभेत दाखव आणि खरं सांग. नाहीतर मीच येते, गुडघे गेले खड्ड्यात.

ताई

ता. २६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायची गरज नव्हती. दुकानात बूट हातात घेतला तेव्हाच मी तो टाका ओळखला होता. माझ्या सदऱ्याची बटणं तोच हात लावतो. ओळखू येत नाही असं तू म्हणावंस, म्हणून तर तुला पाठवला. तू तसं लिहिलंस तेव्हा मला किती हायसं वाटलं, ते सांगायचीही लाज वाटते.

काल सभेत सगळं सांगितलं, मला आधीपासून माहीत होतं हेही. मावशीवरचा ठपका काढला. ठराव तुझ्या भावजयीला लागू झाला. मी म्हटलं, की मलाही धरा. त्यांनी धरलं. नवा पुढारी निवडला, संप चालू आहे.

मग आम्ही दोघं मावशीच्या दारी गेलो. तिनं तुझ्या भावजयीला हाताला धरून आत नेलं आणि जेवायला बसवलं. मला म्हणाली, की पोरांच्या भुकेपायी शिवलं ते तिला समजतं, मी कागद का चाळत होतो ते मात्र समजत नाही. दार उघडंच ठेवलंय, पण ये म्हणालेली नाही. हे तिच्या पायरीवर बसून लिहितोय.

लोभ मागायला तोंड नाही. गल्लीत कुणी बोलत नाही. तू तेवढं उत्तर पाठव.

तुझा धाकटा