सात नंबरचा पेशंट

६ नोव्हेंबर १९७६, शनिवार
आत्या झाडाशी बोलते! आज रंगेहाथ पकडली.

संध्याकाळी शेळी सोडायला बांधाकडे गेले तर भागिरथाआत्या एका झुडपापुढे उकिडवी बसलेली. बुंध्याशी चार ज्वारीचे दाणे ठेवले आणि अगदी शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "उद्या सकाळी येतो बरं. थोडासाक पाला लागते. राग नको मानू."

मी मागून म्हटलं, "आत्या! आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्यात!"

ती दचकली नाही की काही नाही. "देव सोडले छप्पनात. झाडं कधी सोडले?"

"पण ही अंधश्रद्धाच ना!"

"काहून? कोनाच्या घरचं काही घ्याचं त इच्यारा नको? तुह्या कालेजात न इच्यारता घेतात का?"

इथे आत्या जिंकली. बी.एस्सी. झाल्यापासून हे वारंवार होतंय.

पण एक ठरवलं. आत्याची सगळी औषधं मी शास्त्रीय पद्धतीने नोंदवणार. अकोल्याहून आणलेली दोनशे पानी वही कोरीच आहे. डावीकडे वनस्पतीचं लॅटिन नाव, उजवीकडे रोग, गुण, निरीक्षण. अख्खं रिठद गाव जिच्याकडे औषधाला येतं, तिचं ज्ञान असं हवेत राहता कामा नये!

७ नोव्हेंबर, रविवार
पहाटे आत्याबरोबर गेले. आवतण दिलेल्या झाडाचा पाला रविवारीच तोडायचा, आणि तोडताना आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही. मी म्हटलं, सूर्य उगवलेलाच नाही, सावली येणार कुठून? तर म्हणते, "म्हनूनच त पहाटे येतो, शहाने."

झाडाचं नाव विचारलं. सांगेना. "नाव सांगतलं का गुण जाते."

बरं, औषध कोणाला द्यायचं आहे? तेही सांगेना. "दुखन्याले आलेल्या मानसाचं नाव घेऊ नाही. चोरून येते बिचारं."

म्हणजे माझ्या वहीत डावीकडे नाव नाही आणि उजवीकडेही नाव नाही. छान! शेवटी तडजोड झाली. मी झाडांनाही नंबर देणार आणि माणसांनाही. आत्याला नंबर चालतात. नंबरला आजवर कोणी हाक मारलेली नाही म्हणाली.

दुपारपर्यंतच्या नोंदी – क्र. १, दाढदुखी, रिंगणीच्या बियांचा धूर (हे बाबाच आहेत, पण नियम तो नियम). क्र. २, खरूज, करंजाचं तेल. क्र. ३, गुडघे, निरगुडीच्या पाल्याचा शेक. क्र. ४, पोट फुगलेलं, तेल पाजलं. क्र. ४ ही आमची शेळी आहे. आत्या म्हणते तिचंही नाव लिहू नको. क्र. ५ आणि ६ जुळी आहेत, दोघांना एकच खोकला.

आणि क्र. ७!

ऊन कलल्यावर नाल्यापलीकडे एक बैलबंडी थांबली. त्यात एक गृहस्थ उभे. बसलेले नव्हे – उभे! हात कासऱ्यावर, उपरणं पार डोळ्यांपर्यंत गुंडाळलेलं. जणू रणांगणावर निघालेत. बंडी तिथेच सोडून, पाय फाकवत, परसातल्या वाटेने आले. आईला वाटलं, नसबंदीच्या ऑपरेशनवाल्यांच्या भीतीने लपलेला कोणी असेल. पण तसं नाही. दुखणं बुडाचं आहे. बसता येत नाही.

आत्याने पाला वाटून एरंडेलात परतला, पोटीस बांधून दिलं, आणि गिळायला चूर्ण. चूर्णाबरोबर पाणी त्यांनी स्वतःचं आणलेलं. फिरकीचा पितळी तांब्या, झाकणाला लाल दोरा. आमच्या घरचं पाणी का नको, ते मला कळतं. वहीत लिहिलं नाही. शास्त्रीय नोंदीत राग लिहीत नाहीत.

१० नोव्हेंबर, बुधवार
वहीसाठी मोजमाप हवं. "बरं वाटते" हे काही मोजमाप नव्हे. म्हणून युक्ती केली – धुण्याचा दगड! क्र. ७ औषध घेऊन त्यावर टेकून बघतात. मी कुडाच्या भोकातून घड्याळ लावते. रविवारी अर्धं मिनिट (आणि "आई गं"). आज एक मिनिट. प्रगती शंभर टक्के!

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
पत्र आलं! रिसोडच्या शाळेतून! विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत, २४ तारखेला. मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी खालच्या सहीपर्यंत – "दौलतराव, अध्यक्ष". बाबांनी पत्र हातात घेऊन नुसतं धरून ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का कळतो.

आत्या मात्र चटका बसल्यासारखी उठून चुलीकडे गेली. आनंद असा कुठे दाखवतात!

ही नोकरी मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर माघात लग्न. मुलगा चांगला आहे म्हणतात. त्याला पुस्तकं आवडतात का विचारलं, तर कबुतरं आवडतात असं कळलं. बावीस आहेत त्याच्याकडे. प्रतिज्ञा तेवढ्या, कबुतरंही तेवढीच.

आमच्या घरातून या शाळेत आजवर एकच जण नोकरीला गेलं – आजोबा. आवार झाडायला. मला त्याच आवारातून खडू घेऊन वर्गात जायचंय.

१४ नोव्हेंबर, रविवार
क्र. ७ – दीड मिनिट. "आई गं" नाही. "हं" फक्त.

२१ नोव्हेंबर, रविवार
क्र. ७ – तीन मिनिटं!! मी कुडामागे टाळी वाजवणार होते. तोंड दाबून धरलं. मला हा माणूस आवडत नाही, पण त्याचं बूड बरं होताना बघून फार समाधान वाटतं.

२२ नोव्हेंबर, सोमवार
अनर्थ.

बाबांच्या टाचांच्या भेगांसाठी आत्या बिब्बा तापवत होती. सुईला टोचून दिव्यावर धरला की त्याचं तेल टपटप गळतं. मला नमुना हवा होता. आत्या म्हणत होती, "हात नको लावू, उतते तो." मी म्हटलं, मी काळजी घेईन, मी प्रयोगशाळेत तीन वर्षं काढलीत. घेतलीही काळजी. मग ओठावर खाजलं.

आता वरचा ओठ भज्यासारखा फुगलाय आणि त्याच्यावर नाकाखाली काळा डाग – दोन बोटं लांब, डावीकडे जरा झुपकेदार. धोब्याने कापडावर घातलेली खूण जात नाही, ती याच तेलाची. परवा मुलाखत!

आत्या खोबरं चावून चावून माझ्या ओठाला फासते आहे. "बिब्बा काय तुह्या कालेजात शिकला हाय का, तुले ओयखाले?"

बाबा म्हणाले, "डाग जाऊ दे. मिशी असली का साहेब लोक मान देतात."

मला रडू आलं, पण हसल्यावर ओठ जास्त दुखतो हेही कळलं.

२४ नोव्हेंबर, बुधवार. परतीच्या बसमध्ये
बस हलते आहे, अक्षरही.

समोर तिघे. मुख्याध्यापक, सेक्रेटरी आणि अध्यक्ष दौलतराव. दोघे खुर्चीत, अध्यक्ष खिडकीशी उभे. "खुर्चीनं मानूस आळशी होते," म्हणाले. मला ते फार पटलं! ध्येयवादी गृहस्थ वाटले.

मुख्याध्यापकांनी विचारलं, "ओठावर काय लागलंय?"

मी म्हटलं, "सेमेकार्पस ॲनाकार्डियम, सर." बिब्ब्याचं ते नाव त्यांनी लिहून घेतलं.

मग विचारलं, मुलांना निरीक्षण कसं शिकवाल? मी वही काढली. गावच्या औषधांच्या नोंदी आहेत म्हटलं. तेवढ्यात अध्यक्ष खिडकीतूनच मोठ्याने म्हणाले, "झाडपाल्यावर कोन भरवसा ठेवते आजकाल! अडानी लोकायचे धंदे."

माझं डोकंच फिरलं. अडाणी? माझी आत्या? म्हटलं, सर, पुरावा वाचते. आणि वाचला – क्र. ७! पूर्ण! वय अंदाजे पन्नास. बूड. बंडीत उभ्याने येणे. चालताना पाय फाकवणे. पहिल्या दिवशी दगडावर अर्धं मिनिट, सोबत "आई गं". मग एक. मग दीड. मग तीन.

सेक्रेटरी खुर्चीत गडबडा हसले. "बंडीत उभा? कोन व्हय हा रथी-महारथी?"

मुख्याध्यापकांनी विचारलं, "पेशंटचं नाव?"

मी म्हटलं, "नाव सांगत नाही, सर. आमच्याकडचा नियम आहे."

अध्यक्ष बारीक आवाजात म्हणाले, "चांगला नियम हाय." त्यांना ठसका लागला. टेबलावरचा तांब्या उघडून घटाघटा पाणी प्यायले. मला वाटलं, मुद्दा पोचला. विजयी होऊन बाहेर पडले.

तांब्या. पितळी. फिरकीचा.

झाकणाला लाल दोरा.

उभे होते. सगळा वेळ उभे होते.

अरे दे— (देव नाही. पण अशा वेळी माणूस काय म्हणणार!)

२५ नोव्हेंबर, गुरुवार
आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, पत्रावरची सही ऐकली तेव्हाच तुला कळलं होतं ना? मला एक शब्द बोलली असतीस! त्यांच्या कानावर एक शब्द घातला असतास!

"घातला असता," आत्या म्हणाली. "मंग नोकरी कोनाले भेटली असती? तुले का माह्या पाल्याले?"

मी म्हटलं, पण मी नियम पाळला. नाव घेतलं नाही.

तेव्हा ती चिडली. इतक्या वर्षांत मी तिला चिडलेली पाहिली नव्हती. "नाव नाही घेतलं, आन् त्याचं बूड चार मानसायच्या पुढं मांडलं! आता तो येत नाही, पाह्य. तुह्या नोकरीचं काय व्हाचं ते होवो. त्याचं दुखनं अर्ध्यावर राह्यलं, त्याचं काय?"

मला नोकरीचीच काळजी होती. हे दुसरं सुचलंही नव्हतं. निरीक्षण म्हणे!

२८ नोव्हेंबर, रविवार
क्र. ७ – आले नाहीत. दगड रिकामा. पाला वाटून ठेवलेला सुकला. आत्या त्या पाल्याकडे बघून म्हणाली, "आवतन देऊन आनलं व याले. आता कोन्या तोंडानं पुन्हा मांगू?"

१ डिसेंबर, बुधवार
आले नाहीत. पत्रही नाही. आईने कबुतरवाल्यांकडे निरोप धाडलाय. ओठ उतरला. मिशी आहे.

४ डिसेंबर, शनिवार
आत्याचे गुडघे धरलेत (क्र. ८ – स्वतः वैद्य). बांधाकडे जाववत नाही म्हणाली. मला म्हणाली नाही, तू जा. नुसती ज्वारीच्या डब्याकडे बघून उसासा टाकला.

गेले मी. इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. शेळी होती. चार दाणे ठेवले आणि म्हटलं, "उद्या येते. थोडा पाला हवाय. एका माणसाचं माझ्यामुळे बिघडलंय. तो येईलच असं नाही, पण तयार असावं."

ही प्रार्थना नव्हे. मी फक्त विचारलं. विचारणं विज्ञानात बसतं.

५ डिसेंबर, रविवार
सात नंबर आले. बंडीत बसून! नाल्यापलीकडे थांबले नाहीत, मोहल्ल्याच्या मधल्या रस्त्याने, भर उन्हात, सगळ्यांदेखत. तोंडाला उपरणं नाही. हातात तांब्या नाही. दगडावर बसले, चूर्ण हातावर घेतलं आणि आत्याला म्हणाले, "बाई, पानी द्या." प्यायले. मग कुडाच्या नेमक्या त्या भोकाकडे पाहून म्हणाले, "एकवीस तारखेले तीन नाही, चार मिनिटं बसलो होतो. म्याबी घड्याळ लावलं होतं. वहीत दुरुस्त करा, मास्तरीनबाई. उद्या तुमचा सहा डिसेंबर हाय. मंगळवारी अकराले शाळेत या."

दुरुस्ती केली.