मुदत संपलेलं भविष्य

दि. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त. पण आज लिहायला बसले ते वेगळ्याच रागात.

आमच्या वाचनालयातलं विज्ञानकथांचं कपाट तुला ठाऊकच आहे. ग्रंथपाल झाल्यावर मी हौसेने प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर, ती गोष्ट ज्या साली घडते तो आकडा चिकटवला. करायला गेले एक नि झालं भलतंच. आमच्या नव्या अध्यक्षांनी उभा जन्म औषधांचं दुकान चालवलंय. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, यातल्या निम्म्यांची मुदत संपलीय की! चंद्रावर कुणी बिऱ्हाड केलं नाही, मग ही पुस्तकं कशाला? पुढच्या बैठकीत ती रद्दीत काढायचा ठराव आहे. माणूस वाईट नाही गं, हाताला सवयच ती.

मी एकही पुस्तक देणार नाही. पण बैठकीत नुसता हट्ट चालत नाही. शाळेत पदार्थविज्ञान शिकवता शिकवता तू मुलींना या गोष्टी सांगायचीस. मी काय बोलू, ते लिही.

माझ्यावर आहेच, तसा लोभ या भांडणावरही असू दे.

तुझी,
ठकू

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आकडे चिकटवायची बुद्धी तुला झाली, यात बाबांचा वाटा असणार. आमच्या घरात डब्यांनाही चिठ्ठ्या त्यानेच लावल्या.

अध्यक्षांना सांग, ही भाकितं नव्हेत. पूर्वी लोक चंद्रावरच्या सफरी लिहायचे ते आपल्याच राजाला नावं ठेवायला. चंद्रावर कोण पकडायला येतंय? मग कारखाने आले, आणि माणूस आपणच घडवलेल्या जिवाला पाहून पळू लागला. यंत्रमानवाच्या गोष्टी त्याच घराण्यातल्या. कुणी काळाच्या पुढे जाऊन पाहिलं, तर श्रीमंत-गरिबांची दरी तिथेही होतीच. आकाशातून पाहुणे उतरले तेव्हा प्रश्न एकच होता, दारातल्या परक्याला घरात घ्यायचं की दगड मारायचा. अणुबाँबनंतर सगळ्या गोष्टींत राख आली. बायका लिहू लागल्या तेव्हा त्यांनी विचारलं, एवढी अंतराळयानं उडतायत, पण मुलं कोण सांभाळतंय? आता समुद्र चढतोय, तर गोष्टीही पाण्यात उभ्या आहेत.

साल म्हणजे नुसती खुंटी. तिच्यावर माणूस आपली भीती नि आशा टांगतो. त्यांची मुदत कधी संपली, ते अध्यक्षांनीच सांगावं.

मला तुझा अभिमान वाटतो. घाबरू नकोस, आणि बोलताना हात हलवू नकोस.

माझी माया पाठीशी आहे, तुझी पत्रं येत राहू देत.

आत्या

दि. २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हात न हलवता सगळं बोलले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ठराव मंजूर केला. पालथ्या घड्यावर पाणी! घरी येऊन रडले, मग चहा करून वाचनालयाचे नियम वाचायला घेतले.

सभासदाच्या घरी असलेलं पुस्तक परत येईपर्यंत बाद करता येत नाही. दुसऱ्याच दिवशी ते कपाट मी ओढत दारापाशी आणलं. येईल त्याच्या हातात पुस्तक. शिंपीणबाईंनी परग्रहावरचे पाहुणे नेले, बसचालकांनी यंत्रमानव. वाचून झालं की परत न आणता मुदत वाढवून घ्या, एवढंच सांगितलं. आता सगळे एकमेकांना त्या गोष्टी सांगतात, भांडतातही. रद्दीवाला आला तेव्हा कपाट रिकामं. अध्यक्षांनी विचारलं, माल कुठाय? म्हटलं, ज्यांना गुण येतोय त्यांच्याकडे. ते हसले, पण ठराव कायम आहे म्हणाले.

एकच जाडजूड पुस्तक उरलंय. बारीक टाइप, कुणी हात लावत नाही, आणि माझ्या नि बाबांच्या नावावर आधीच एकेक आहे, दुसरं मिळत नाही. एका यानाची गोष्ट आहे. जे निघालेत ते पोचणार नाहीत, पोचतील त्यांची पतवंडं. सोमवारी रद्दीवाला पुन्हा येऊन ते नेईल, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे, ती आटू देऊ नकोस.

ठकू

दि. २४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलंच, तरी लेखी असावं म्हणून लिहिते. ते जाडजूड माझ्या नावावर चढव. वर्गणी सोबत पाठवतेय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मी दोन वर्षं टाळत होते. या वयात आता काय बघायचं राहिलंय, असं वाटायचं. आज डॉक्टरांना तारीख द्यायला सांगितली. न पोचणारी ती माणसं यान कशी चालवतात, ते मला माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. माझी मुदत संपली, तर पुस्तक तुझ्या नावावर घे आणि वाढवत राहा.

लोभ माझा आहेच, तू फक्त हट्ट सोडू नकोस.

आत्या