निळ्या पट्ट्यातली कॉफी

१२ जून १९९४, रविवार
आज पुन्हा कॉफीत जायफळ. पंचवीस वर्षांच्या संसारात सुमतीला निदान शंभरदा सांगितलं असेल, कॉफी हे पेय आहे, काढा नव्हे. या घरात कॉफी मागितली की आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. संकल्प: आपली कॉफी आपण पिकवायची. सुमती म्हणाली, आधी दूध घेऊन या.

१५ जून
योग जुळला. साप्ताहिकाचा वार्ताहर म्हणून मुंबईच्या सेमिनारला गेलो. विषय: बदलतं हवामान आणि शेती. जेवण उत्तम. तिथे मिळालेल्या फाइलमध्ये आमच्या पनवेल तालुक्याचा, उपग्रहातून काढलेला रंगीत नकाशा निघाला. पाऊस लहरी झालाय, ऊन वाढतंय. अशा दिवसांत कॉफी कुठे तगेल हे वरूनच बघायला हवं. नकाशात काही भाग लाल, काही निळा. अर्थ उघड आहे. लाल म्हणजे ताप, निळा म्हणजे गारवा. कर्नाळ्याचं जंगल तर लालभडक. बिचारं किती तापलंय! खाली बारीक इंग्रजी टीप आहे. चष्मा सापडला की वाचू.

३ जुलै
चिकमगळूरहून चाळीस रोपं आली. प्रबळगडाच्या पायथ्याच्या कातकरीवाडीतला मंगळ्या आणि त्याची बायको भामा, दोघं आपण कसतात त्या जमिनीच्या तुकड्यात लावायला तयार झाले. ते फणसाखालची सावली दाखवत होते. नकाशात ती लाल. मी त्यांना वरच्या निळ्या पट्ट्यात नेलं. भामा म्हणाली, गुरुजी (चष्मा पाहून वाडी मला असंच म्हणते), हितं नाय, खाली कातळ हाय, चैतात पाय पोळतात. मी उपग्रह समजावला. तिने विचारलं, तो कदी खाली उतरून बघतो का? विज्ञानशिक्षणाची केवढी गरज आहे! दर रविवारी वाडीत वर्ग घेणार.

२१ ऑगस्ट
रोपं टवटवीत. पावसामुळे, असं मंगळ्याचं मत. वर्गात शिकवलं की झाडं उन्हावर अन्न तयार करतात. भामा म्हणाली, ह्ये माज्या सासूला बी शिकवा, लई जेवते. वर्ग तिथेच संपला.
मधले तीन रविवार पावसामुळे वर्ग झाला नव्हता. शिक्षकाची प्रकृती महत्त्वाची.

९ नोव्हेंबर
दिवाळी झाली, वीटभट्टीचा ट्रक वाडीत आला. मंगळ्या-भामाची जोडी दरसाल भट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडाला परतते. भांडीकुंडी, लेक चिंगी, सगळं ट्रकमध्ये चढलेलं. मी आडवा गेलो. रोपांना पाणी कोण घालणार? चिंगीची शाळा? म्हटलं, रोजगार हमीचं काम वाडीतच मिळवून देतो, एका अर्जाचा तर प्रश्न. भामा म्हणाली, नक्की ना गुरुजी? नक्की. ट्रक त्यांना सोडून गेला. वैज्ञानिक दृष्टीचा विजय.

२५ डिसेंबर
अर्जाचा मसुदा चालू. आरंभी उपग्रहाची स्तुती, अनुष्टुभात. तिसरा चरण अडलाय. सुमती म्हणाली, अहो, अर्ज गद्यात चालतो.
रोपं पिवळी. पानं बदलत असावीत.

२९ जानेवारी १९९५
चाळीसातली तीन शिल्लक. भामा रोज खालच्या विहिरीवरून हंडे आणते. ओतलेलं पाणी दगडावरून तसंच खाली जातं. हवामानबदलाचा ढळढळीत पुरावा. लेख लिहिणार.

५ फेब्रुवारी
लेखासाठी हायस्कूलात विज्ञान शिकवणाऱ्या कमळाकरला नकाशा दाखवला. टीप वाचून तो इतका हसला की चहा निवला. म्हणाला, महाराज, उपग्रहाच्या असल्या चित्रात दाट झाडी लाल दिसते. निळं ते उघडंबोडकं! अख्ख्या तालुक्यातून नेमका कातळ शोधलात की हो! मी म्हटलं, छपाईचा दोष असेल.

१२ फेब्रुवारी
वाडीत जाऊन आलो. समजावून सांगायला भाषण तयार होतं, ते केलं नाही. भामाने एक रोप मला न विचारता फणसाखाली हलवलंय. तेवढंच हिरवं आहे. मंगळ्या भट्टीवर विचारून आला. शेठ म्हणाला, जोड्या भरल्या, आता पुढच्या साली. भामा रागावली नाही. फक्त म्हणाली, गुरुजी, त्या कामाच्या कागदाचं काय झालं? होईल म्हटलं.
कागद अजून माझ्या टेबलावर आहे. अर्ज मी दिलेलाच नाही. उद्या गद्यात लिहून देईन, पण कधी मंजूर होईल कोण जाणे. कॉफी गेली तर गेली. त्या तिघांना ट्रकमधून मी उतरवलं. पावसाला चार महिने आहेत. तोवर ते काय खातील या विचाराने मला आज जेवण गेलं नाही.