तलावाची एक फेरी

१९ नोव्हेंबर २००१, सोमवार
दिवाळीचा फराळ नडला. शुगर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी तलावाला एक फेरी मारा. संक्रांतीनंतरच्या रिपोर्टात उतरली नाही तर इन्सुलिनची सुई. सुई म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. हे फक्त बायकोला, विनोदिनीला, माहीत आहे. डॉक्टरांना हसून ‘चालू की’ म्हणालो. उद्यापासून चालणार. विनोदिनीही येणार, माझी पाण्याची बाटली धरायला.

२० नोव्हेंबर, सकाळ
बागेच्या गेटवर पाटी: सुगम भ्रमण पथ. सुगम आहे तर घाई कशाची? पिंपळाखालच्या बाकापर्यंत गेलो. बाक गेटवरून दिसतो, पण दिसणं वेगळं आणि जाणं वेगळं. बूट चावला. गोल बाजारातून नवीन घेणे.

२३ नोव्हेंबर
नवीन बूट. सवय व्हावी म्हणून आजही बाकापर्यंतच. विनोदिनी म्हणे, तुम्ही बसा, मी पाहून येते पलीकडे काय आहे ते. साध्या चपलेवर पूर्ण फेरी मारून आली. तिची वाट पाहून मी फार थकलो.

२६ नोव्हेंबर
मूळ चूक सापडली. एकट्याने काही होत नाही, संघटन पाहिजे. आमचं नवं राज्य होऊन नुकतं वर्ष झालं. आमच्या मंत्रालयातही आधी समिती होते, मग खुर्च्या येतात, मग काम. म्हणून प्रभात भ्रमण मंडळ स्थापन केलं. अध्यक्ष मी. सचिव गुलाबराव, आमच्या ब्राह्मणपाऱ्यातले, रेल्वेतून रिटायर. सदस्य शेजारचे भैय्यालाल, जे सगळ्याला ‘हव’, म्हणजे हो, म्हणतात. विनोदिनीने विचारलं, चालाले मंडळ काहून पाहिजे? तिला सार्वजनिक कामाचा अनुभव नाही.

९ डिसेंबर, रविवार
उद्घाटन दणक्यात. ट्रॅकवर आडवी फीत बांधली होती. चालणारे लोक खालून वाकून निघून गेले. शिस्त नाही. माझं भाषण: चालण्याचे महत्त्व. तोवर ऊन वर आलं, म्हणून चालणं रद्द. पोहे-जलेबी. अध्यक्षच मागे राहिले तर सदस्य संकोचतात, म्हणून दोन प्लेट घेतल्या. विनोदिनी भाषणाला नव्हती, फेरीला गेली होती. वाईट वाटलं.

२२ डिसेंबर
मंडळाची घटना लिहायला घेतली. ‘पूर्ण फेरी’ या शब्दावर मतभेद. गुलाबरावांचं म्हणणं, तलावाभोवती. मी म्हटलं, वयाचा विचार करा. बाकापर्यंत जाऊन पुढच्या फेरीचा संकल्प केला की ती फेरी धरावी. भैय्यालाल ‘हव’ म्हणाले. बहुमताने मंजूर. म्हणजे मी पहिल्या दिवसापासून नियमितच आहे.

५ जानेवारी २००२
थंडी, तलावावर धुकं. बाकावरून देखरेख केली. विनोदिनी आता दोन फेऱ्या मारते. म्हणते, तुमची मीटिंग लांबते नं. घरचा जिना ती एका दमात चढली. मी तीनदा थांबलो. पण माझ्या हातात बॅनर होता.

१४ जानेवारी, संक्रांत
मंडळाचा तिळगूळ समारंभ. प्रत्येकाने लाडू आणले आणि पहिला अध्यक्षांच्या हातावर ठेवला. सणाच्या दिवशी कोणाचं मन कसं मोडणार? उद्या रक्त द्यायचं आहे. त्यालाही सुई लागते. हा मुद्दा मंडळात कोणीच मांडला नाही.

१७ जानेवारी
शुगर आणखी वाढली. लॅबची चूक असावी. डॉक्टरांना मंडळाची घटना दाखवली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विनोदिनीला विचारलं, ताई, तुम्ही चांगल्या बारीक झाल्या, काय करता? ती म्हणाली, यांची मीटिंग चालू असते, तवर मी चालून घेते. मग डॉक्टरांनी सुई कशी द्यायची ते तिलाच शिकवलं. पुढेही ते बराच वेळ बोलत होते. मी छताच्या पंख्याकडे पाहत होतो, काही ऐकलं नाही. भीती वाटली. खूप वाटली.

१८ जानेवारी, सकाळ
विनोदिनीने सुई दिली. डोळे मिटून तिच्या पदराचं टोक धरलं होतं. फारसं दुखलं नाही. हे तिला सांगितलं नाही.

मग तलावावर. आज बाकाशी थांबलो नाही, तिच्यामागे चालत राहिलो. ती माझ्यासाठी हळू चालत होती. निम्म्यावर पाय बोलायला लागले, पण तिथून मागे फिरलं तरी अंतर तेवढंच. तलाव गोल असला की ही अडचण होते. शेवटी फेरी पूर्ण झाली. पाण्याची बाटली मीच धरली होती. बाकावर गुलाबराव आणि भैय्यालाल मीटिंगसाठी ताटकळत बसले होते. त्यांना हात केला आणि निघालो.

गेटपाशी विनोदिनीला म्हटलं, फेरी तर झाली, आता सुई बंद करायला हरकत नाही.

ती म्हणाली, संध्याकाळची सुई बाकी आहे नं. डॉक्टरनं रोज दोन टाइम सांगितली.