आडव्या फोटोचं पाकीट

अहो,

कार्डं कापून उरलेल्या कागदावर हे लिहिते आहे. कागद जाड आहे, शाई पितो, अक्षर पसरतं. तरी आजच लिहायचं होतं, कारण आज मी तुमचं काम करायला गेले आणि उलटं करून आले.

गेल्या दिवाळीत तुम्ही गेल्याला वर्ष व्हायचं होतं, म्हणून कार्डं केली नाहीत. यंदाही केली नसती. पण साताऱ्याहून वन्संचं पत्र आलं. लिहितात, वहिनी, तुमची सगळी दिवाळीची कार्डं काढून बसले होते, दादाचा एक फोटो चौकटीत लावावा म्हटलं, तर एकातही दादा नाही.

मी आपली पेटी उघडली. चौदा वर्षांची चौदा कार्डं. मी आहे, मृदुला आहे, इमामबाड्याच्या पायऱ्या आहेत, एका वर्षी तर नुसता आपल्या कुंडीतला गुलाब आहे. तुम्ही नाही. असणार कसे? कॅमेरा तुमच्या हातात!

दर वर्षी म्हणायचात, एकदा तू काढ, मला बसू दे. मी म्हणायचे, मला नाही जमायचं, रीळ फुकट जाईल. चौथीपर्यंत शिकलेली मी, तुमच्या कपाटातली जाडजाड पुस्तकं अडखळत वाचून संपवली, पण एक बटण दाबायला घाबरत राहिले. तुम्ही तरी हट्ट का धरला नाहीत? एरवी कागदाच्या रंगावरून दोन दिवस बोलायचा नाहीत!

एकदाच काढला होता. बख्शी का तालाबच्या आमराईत. मधे मृदुला आंबा चोखते आहे, आणि उजव्या कडेला तुम्ही, हातात डब्याचं झाकण, उन्हानं डोळे बारीक केलेले. सगळं तिरकं आलं होतं. "हिच्या फोटोतली झाडं गोमतीकडे निघालीत," म्हणून किती हसला होतात. मग फोटो पेटीत गेला. तिरका, शिवाय आडवा. तुमची कार्डं नेहमी उभी.

तो तळाशी सापडला. मी त्याच्या प्रती करून आणल्या. मृदुलानं एक उचलली. "आई, इसमें तो बाबा हैं," म्हणाली आणि चहा बाजूला सारला.

आज निशातगंजला तुमच्या त्या कागदवाल्या म्हाताऱ्याकडे गेले. तुम्ही कागद कानाशी धरून टिचकी मारायचात. मीही मारली. मला रिक्षांच्या घंट्याच ऐकू आल्या. शेवटी मातकट रंगाचा जाड हातकागद घेतला, फोटोच्या मापानं तिथंच कापून घेतला, आणि मग पाकिटं मागितली.

म्हातारा थांबला. म्हणाला, "भाईसाहब तो पहले लिफ़ाफ़ा लेते थे, काग़ज़ बाद में."

खरंच की! बाळाआधी पाळणा आणणारा माणूस, असं तुम्हाला किती वर्षं हिणवलं मी. आता कळलं. एकही पाकीट बसेना. लग्नाची सोनेरी काठाची होती, ती अरुंद. कचेरीची खाकी होती, त्यांत कार्ड दुमडावं लागायचं आणि घडी नेमकी तुमच्या गळ्यावरून जायची. तुम्ही का येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. सांगायचा आता कंटाळा येतो हो.

त्यानं कात्री घेतली. उजवीकडून दोन बोटं छाटू का, म्हणाला, कडेला एक साहेबच तर आहेत.

मी फोटोच्या त्या कडेवर बोट ठेवलं. म्हणूनच बहुधा त्यानं चष्मा पुसला, फोटो दारातल्या उजेडात नेला आणि पाहत राहिला. मग माझ्या कपाळाकडे पाहिलं. कात्री गल्ल्यात ठेवून दिली.

"तो फिर लिफ़ाफ़ा ही बड़ा होगा, बहनजी."

एक पाकीट नखानं हळूहळू चारी बाजूंनी सोडवलं, सपाट केलं, आणि खाकी कागदावर तसंच मोठं आखून दिलं. म्हणाला, घडी चमच्याच्या पाठीनं घाला आणि तळाला खळ कमी लावू नका.

घरी केलेलं पाकीट पोस्टात फाटतं, असं तुम्ही म्हणायचात. फाटेलही. दुपारपासून चारच झाली आहेत. खळ वाळून बोटं ताठली, मान दुखते. शेजारी मृदुला कुरकुरते आहे, टेढ़ा जा रहा है. म्हटलं, जाऊ दे, आतला फोटो तरी कुठं सरळ आहे!

पहिलं पाकीट वन्संचं केलं. पत्ताही मीच घातला. कडेला तुम्ही पुरे आहात, झाकणासकट.

आता कबूल करते. पुढच्या दिवाळीचा फोटो मी काढीन. हात हलला तरी, रीळ फुकट गेलं तरी. मग त्या कार्डात मी नसेन. कुणी विचारलं, वहिनी कुठं आहेत, तर सांगेन, इतकी वर्षं ते जिथं उभे राहायचे, तिथं.

खळीनं भरलेल्या हातांची,
तुमची सुमन