दिवेलागणीचं ताट

पडेगाव,
१४ डिसेंबर १९९६

चि. सरू हिला दादाचा आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जालन्यात थंडी असेल, कान बांधून फिरत जा. पत्रात खुशालीची एक ओळ आणि बाकी सगळी माझी खरडपट्टी. म्हणजे बद्रीनाथनं तुला फोन केला. पोटच्या पोरानं बापाची तक्रार आत्याकडं न्यावी, हे नवीनच.

आता माझी बाजू ऐक. डॉक्टर म्हणाला, हृदय थकलंय, संध्याकाळी लवकर जेवा, मीठ कमी करा, लवकर झोपा. मी कुठं नाही म्हटलं? पण सूनबाई आशा नेमकं दिवेलागणीलाच ताट वाढते. देवापुढं निरांजन आणि माझ्यापुढं अळणी पिठलं. आई आपल्याला काय सांगायची? तिन्हीसांजेला जेवू नये, आडवं होऊ नये, लक्ष्मी दारातून परत जाते. मी ताट सरकवलं.

आशा म्हणाली, "मामा, लक्ष्मी काय तुमचं ताट बघायला येती व्हय?"

मी म्हटलं, "आली तर हे पिठलं बघून पळंल."

ती हसली. मी हसलो नाही.

तेव्हापासून मी त्या वेळेला चप्पल घालून घराबाहेर पडतो. दौलताबादच्या रस्त्यावर हॉटेलाच्या बाकावर सांडू बसलेला असतो. आपल्या लहानपणचा सांडूच, दुसरा कोण. चहा घ्यायचा, खारे दाणे खायचे, गाड्या बघायच्या. अंधार पडला की घरी येऊन भाकरी आणि ठेचा. जन्मभर हेच केलं, आता का सोडू?

पूर्वी छावणीपर्यंत चालत जायचो. आता बाकापर्यंतसुद्धा मधे थांबावं लागतं, रस्ता लई खराब केलाय. चप्पलही आवळते, थंडीनं चामडं आखडलं असेल. सांडू म्हणतो, "पुंजाराम, चामडं नाय रं, पाय सुजलेत तुझे." त्याला एका डोळ्यानं दिसत नाही. त्याचं काय ऐकायचं.

तू लिहितेस, "दादा, हट्ट सोड, वेळेवर आडवा होत जा." बाकी काहीही लिही सरू, ते आडवं व्हायचं लिहू नकोस.

पाठ टेकली की छातीत पाणी भरल्यासारखं होतं. श्वासाला वर यायला वाट सापडत नाही. उठून भिंतीला टेकलो की जीवात जीव येतो. दिवाळीपासून मी बसूनच झोपतो. घरात सांगितलंय, म्हातारपणी झोप कमी लागते. आईची रीत दिवेलागणीपुरती होती, मी ती पहाटेपर्यंत ओढलीय.

डॉक्टरला सांगितलं नाही. सांगितलं तर दवाखान्यात ठेवतील, आणि तिथं पहिल्यांदा आडवंच करतील. घाबरलो असं समजू नकोस. अक्षर हललंय ते थंडीनं.

तर तू ये. बद्रीनाथला तूच सांग, माझ्या तोंडून निघत नाही. डॉक्टरकडं येतो. खारे दाणेही सोडतो, सांडू खाईल माझ्या वाटणीचे. पण आशाला बजाव, उजेड असेपर्यंत वाढ, नाहीतर दिवा लावून झाल्यावर वाढ. दिवेलागणीला मी ताटावर बसणार नाही. डॉक्टर स्वतः वाढायला आला तरी नाही.

येताना जाड उशी आण. दोन असल्या तर दोन्ही आण.

तू येईपर्यंत भिंतीला टेकून,
तुझा दादा
पुंजाराम